तंजावूरचे तीन निवाडे

तंजावूरच्या राजवाड्यात शिरलेला मराठी प्रवासी सरस्वती महाल ग्रंथालयापाशी आला म्हणजे त्याचे पाऊल आपोआप मंदावते. नायक राजांनी बांधावयास घेतलेल्या आणि पुढे भोसल्यांनी वाढविलेल्या या वास्तूत संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या शेजारी मोडी लिपीतील कागदांचे रुमाल आहेत. दूर कावेरीच्या काठी, तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर, आपल्या भाषेत लिहिलेले हिशेब, अर्ज आणि तक्रारी पाहून मन प्रथम अभिमानाने भरून येते. परंतु क्षणभराने दुसराच एक विचार मनात डोकावतो. अर्ज आणि तक्रारी लिहिणाऱ्या माणसाची श्रद्धा एवढीच असते की, आपल्याविरुद्ध झालेला निर्णय हा अखेरचा शब्द नव्हे. त्याच्यावरही कोणी तरी आहे. ती श्रद्धा या राजवाड्याने कितपत खरी ठरविली, याचा आज विचार करावयाचा आहे.

निर्णय देणे ही गोष्ट सोपी आहे. चार माणसे एकत्र आली, काही नियम ठरले, कोणी तो मोडला असे वाटले की, ‘तू आमच्यातला नाहीस’ असे सांगता येते. कठीण प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्याला बाहेर काढले त्याने दाद कोणाकडे मागावी?

याविषयीची एक आख्यायिका तंजावूरच्याच मुलखात आजही सांगितली जाते. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले. विद्वानांचे ते मोठे आश्रयदाते होते. कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी १६९३ मध्ये चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दान दिले आणि त्याला शाहजीराजपुरम् असे नाव पडले. या अग्रहारात श्रीधर वेंकटेश नावाचे सत्पुरुष राहत. लोक त्यांना अय्यावाळ म्हणत. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दारात भुकेने व्याकूळ झालेला एक अस्पृश्य मनुष्य त्यांना दिसला आणि श्राद्धासाठी शिजविलेले अन्न त्यांनी त्याला देऊन टाकले. झाले! आमंत्रित ब्राह्मणांनी पाने नाकारली. गंगास्नान करून शुद्ध होऊन ये, तोपर्यंत तुझ्या घरी आम्ही येणार नाही, असे गावाने ठरविले. कावेरीकाठच्या माणसाला त्या काळी गंगास्नान सांगणे म्हणजे हद्दपारीचीच शिक्षा. तेव्हा अय्यावाळांनी घरामागच्या विहिरीपाशी उभे राहून गंगेला आळविले आणि गंगा त्या विहिरीतून उसळून वर आली, अशी कथा आहे. दर वर्षी कार्तिक अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यास लोक अद्यापही जमतात.

या कथेत किती इतिहास आहे हे बाजूला ठेवू. मला तिच्यात विशेष वाटते ते हे की, निर्णय देणारे तिच्यात स्पष्ट दिसतात, पण निर्णय तपासणारा कोणीच दिसत नाही. राजा विद्वानांचा चाहता होता, त्यानेच गाव वसविले होते, राजवाडा काही कोसांवर होता. तरी कथेत राजा येत नाही. माणसांच्या व्यवस्थेत दाद मागण्यास जागा नव्हती, म्हणून लोकस्मृतीला प्रत्यक्ष गंगेला पाचारण करावे लागले.

वस्तुतः आपले जुने शास्त्रकार या बाबतीत बेसावध नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीत न्याय देणाऱ्या मंडळांची एक उतरंड सांगितली आहे. सर्वांत खाली कुल, म्हणजे नात्यागोत्याची माणसे. त्यांच्यावर श्रेणी, म्हणजे एका धंद्यातील लोक. त्यांच्यावर पूग, म्हणजे एका गावी राहणारे निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक. आणि त्यांच्यावर राजाने नेमलेले न्यायाधिकारी. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा या टीकेत याचा अर्थ उलगडून दाखविला आहे: खालच्या मंडळाच्या निर्णयाने ज्याचे समाधान झाले नाही त्याने वरच्या मंडळाकडे जावे, वरच्याने दिलेला निर्णय खालच्याने मात्र मोडू नये. स्मृतिकार एवढ्यावर थांबत नाही. निवाडा चुकीचा झाल्याचे दिसले तर राजाने तो पुन्हा पाहावा, आणि तो देणाऱ्या सभासदांना जिंकलेल्या पक्षासह दंड करावा, असे तो सांगतो. त्याचबरोबर, न्यायाने हरलेला मनुष्य उगाच हट्टाने पुन्हा वाद उकरील तर त्यालाही दंड आहे. न्यायाधीशाच्या मनमानीला आणि वादीच्या खोडसाळपणाला एकाच वेळी आळा घालणारी ही योजना आजही विचार करण्यासारखी आहे.

मग अय्यावाळांच्या कथेत ही उतरंड का दिसत नाही? कारण ती मुख्यतः देण्याघेण्याच्या आणि हक्काच्या व्यवहारांसाठी होती. पंक्तीला कोणास घ्यावे आणि कोणास वगळावे हा प्रश्न प्रायश्चित्ताच्या सदरात जाई, आणि तेथे त्या त्या ठिकाणच्या विद्वानांची सभाच प्रमाण मानली जाई. महाराष्ट्रात अशा वादाला ग्रामण्य म्हणत. एका गावच्या सभेने वाळीत टाकलेला मनुष्य पैठणच्या, नाशिकच्या किंवा काशीच्या पंडितांचा अनुकूल अभिप्राय आणी. त्या सभांवर कोणी सामाईक धनी नसल्यामुळे एकीचा शब्द दुसरीने मानलाच पाहिजे असे नव्हते. प्रकरणे पेशव्यांच्या दरबारापर्यंत जात. पुढे इंग्रजी अमलातही, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून जे ग्रामण्य उठले ते शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. सभा अनेक, नियम ज्याचे त्याचे, आणि वरचे न्यायासन अनिश्चित, असा हा सारा प्रकार होता.

आता तंजावूरच्या राजघराण्याकडे वळू. गावच्या सभेकडून वाळीत पडलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आणि राजाची वेगळी, असे वाटेल. पण नियतीची थट्टा अशी की, ज्या सिंहासनापाशी प्रजेने दाद मागावयाची, त्या सिंहासनाच्या धन्यांनाच तीन वेळा दुसऱ्याच्या दारात दाद मागण्यास उभे राहावे लागले.

पहिला प्रसंग १७७३ चा. अर्काटचा नवाब महंमद अली याने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावूर घेतले आणि तुळजाजीराजांना कैद केले. मद्रासच्या कौन्सिलाने या कृत्याला हात दिला होता. तेव्हा मद्रासेत गाऱ्हाणे ऐकणार कोण? परंतु मद्रासच्या वर लंडनमध्ये कंपनीचे संचालक मंडळ होते. त्याने १७७५ मध्ये कौन्सिलाचा निर्णय फिरविला, आणि त्याच्या हुकमाने गव्हर्नर लॉर्ड पिगट याने एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजीराजांना पुन्हा गादीवर बसविले. वरच्या न्यायासनाने खालच्याची चूक दुरुस्त केली, असे म्हणून येथे समाधान मानता आले असते. पण मद्रासच्या कौन्सिलातील कित्येकांचे हितसंबंध या प्रकरणात गुंतले होते. पॉल बेनफिल्ड नावाच्या कंपनीच्या नोकराने नवाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावूरच्या उत्पन्नावरच मोठा हक्क सांगितला होता. निर्णय अंमलात आणणाऱ्या पिगटला त्याच्याच सहकाऱ्यांनी ऑगस्ट १७७६ मध्ये अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अटकेतच मरण पावला. राजांना गादी मिळाली खरी, पण किल्ल्यात कंपनीची शिबंदी आली आणि तिच्या खर्चासाठी दर साल चार लक्ष पॅगोड्यांचा, म्हणजे सोन्याच्या होनांचा, बोजा मानेवर बसला. दाद मिळाली, परंतु फुकट मिळाली नाही.

दुसरा प्रसंग अधिक हृदयद्रावक आहे. तुळजाजीराजांची मुलेबाळे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १७८७ च्या आरंभी, मृत्यू जवळ आलेला पाहून, त्यांनी भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला. त्याचे वय तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. हाच पुढे सरफोजी महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. राजांनी मुलाला जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याच्या हाती सोपविण्याचे मनात आणले होते. पण राज्याचा कारभार आपले बंधू अमरसिंह यांच्याकडे द्यावा, असा सल्ला श्वार्ट्झनेच दिला. राजांचे निधन झाले आणि अमरसिंहांनी दत्तकच अमान्य केला. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल स्वतः तंजावुरास आला. त्याने बारा पंडितांना प्रश्न घातला. आजारपणात राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, मुलगा आपल्या जनक मातापितरांचा एकुलता एक होता, त्याचे वय दत्तकाला योग्य नव्हते, अशा आक्षेपांवर पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले आणि अमरसिंह गादीवर आले.

निवाडा शास्त्राच्या भाषेत होता. पण तो देणारे पंडित त्याच शहरातले होते, आणि ज्या राजाच्या बाजूने त्यांनी कौल दिला त्याच्याच राज्यात त्यांना पुढे नांदावयाचे होते. त्यांच्यावर दडपण आले, पैसाही फिरला, असे आरोप पुढे झाले. मुलगा मात्र राजवाड्यात बंदिवासात पडला. एका अंधाऱ्या खोलीत त्याला कोंडून ठेवल्याच्या तक्रारी श्वार्ट्झने मद्रासेस केल्या आणि १७९३ मध्ये त्याला व तुळजाजीराजांच्या विधवा राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथून फेरनिवाड्याची खटपट सुरू झाली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याच्या कारकीर्दीत तोच प्रश्न बंगालच्या आणि काशीच्या पंडितांपुढे ठेवण्यात आला. शास्त्र तेच, घटना त्याच. पण उत्तर उलटे आले. दत्तविधान सशास्त्र ठरले. १७९८ मध्ये सरफोजी महाराज गादीवर बसले. ज्याने त्यांच्यासाठी इतकी धडपड केली तो श्वार्ट्झ त्यापूर्वी काही महिनेच निवर्तला होता. अमरसिंह पेन्शन घेऊन तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुन, येथे राहावयास गेले.

येथे आपण सावधपणे बोलले पाहिजे. दुसरा निवाडा खरा आणि पहिला खोटा, असे म्हणण्याचा मोह होतो, कारण सरफोजी महाराजांची विद्याव्यासंगी मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु निकाल आपल्या आवडत्या माणसाच्या बाजूने लागला एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. दुसऱ्या निवाड्याच्या बाजूने म्हणण्यासारखे एवढेच की, काशीच्या पंडिताला तंजावूरच्या गादीवर कोण बसतो याचे सोयरसुतक नव्हते. दूर असणे हेच त्याचे बळ होते. पण ज्याने प्रश्न विचारला त्या कंपनीला मात्र सोयरसुतक होते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने नव्या राजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. त्यांना वर्षाला एक लक्ष पॅगोडे आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढेच मिळावयाचे ठरले. अकरा वर्षांनी दाद लागली, आणि जे मागितले होते ते हाती येताच निसटले. पुढे १८०३ मध्ये महाराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत शिलेवर कोरून घेतले. त्या प्रचंड लेखासमोर उभे राहिले म्हणजे वाटते की, ज्याच्या वंशाधिकाराविषयी एकदा शंका घेतली गेली त्याने आपली बाजू पुन्हा कोणाला खोडता येऊ नये म्हणून ती दगडावर लिहून ठेवली असावी. हरलेल्या पक्षाला अशी भिंत मिळाली नाही.

तिसऱ्या प्रसंगी तर दाद मागण्याचा मार्गच बंद झाला. सरफोजी महाराजांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निपुत्रिक वारले. मागे अनेक राण्या आणि दोन मुली होत्या. कंपनीने गादी खालसा केली. एवढेच नव्हे, तर पुढील वर्षी तिच्या अधिकाऱ्याने शिपाई घेऊन राजवाड्यात प्रवेश केला, खासगी मालमत्तेवरही मोहरा ठोकल्या आणि पहारे बसविले. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद गुदरली आणि ती जिंकली. पडद्याआड राहणाऱ्या एका विधवेने सरकारावर दावा लावून तो जिंकावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. पण कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलाकडे अपील केले. १८५९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायासनाने जे सांगितले ते मोठे विलक्षण आहे. या राज्यावर किंवा राजाच्या मालमत्तेवर कंपनीचा काही कायदेशीर हक्क होता असे कागदपत्रांवरून शोधून काढणे फार कठीण आहे, हे त्याने मान्य केले. आणि तरीही हे कृत्य राज्यसत्तेचे आहे. ते न्याय्य की अन्याय्य याचा विचार करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही, असे म्हणून राणीच्या बाजूचा निकाल रद्द केला. अखेर १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता परत केली. पण ती हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. हक्काने मिळालेल्या वस्तूवर मनुष्य ताठ उभा राहतो. कृपेने मिळालेली वस्तू त्याला वाकूनच घ्यावी लागते.

हा इतिहास आज सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. राजे गेले, अग्रहारांच्या सभांचा दरारा गेला; पण माणसांचे नवे समूह निर्माण झाले आहेत. संगणकाच्या जाळ्यावर लोक एकत्र येतात, लिहितात, वाद घालतात. त्यातील काही व्यवस्था एका मोठ्या कंपनीच्या मालकीच्या आहेत. त्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी भारत सरकारने तीन तक्रार अपील समित्या नेमल्या असून १ मार्च २०२३ पासून त्यांचे काम सुरू झाले. परंतु २०१६ मध्ये निघालेल्या मॅस्टोडॉनसारख्या काही व्यवस्था विकेंद्रित आहेत. त्यांच्यात शेकडो लहान समूह आपापल्या जागेवर आपापल्या नियमांनी नांदतात आणि एकमेकांशी स्वेच्छेने संबंध ठेवतात. कोणाचे लेखन काढून टाकावे, कोणाला बाहेर घालवावे, हे त्या त्या ठिकाणचे चालक ठरवितात. बहुधा ते बिनपगारी, हौसेने काम करणारे असतात. एखादा समूह दुसऱ्या समूहाशी संबंधच तोडतो, आणि मग दोन-चार माणसांच्या अपराधासाठी तेथील सर्वांचे दळणवळण थांबते. ग्रामण्यात एकाच्या दोषापायी सारे घर वाळीत पडे, त्याचीच ही आठवण.

अशा समूहांत दाद मागण्याची सोय अलीकडे झाली आहे. पण गाऱ्हाणे बहुधा ज्यांनी निर्णय दिला त्यांच्याच पुढे जाते. यावर उत्तर दिले जाते की, येथे मन रमत नसेल तर दुसऱ्या समूहात जा. वाट मोकळी आहे. हे उत्तर अगदीच खोटे नाही. एका धन्याच्या मुठीत सर्व वाणी असण्यापेक्षा अनेक घरे असणे केव्हाही बरे. सरफोजी मद्रासेत जाऊ शकला म्हणूनच त्याची तक्रार कोणी ऐकली. पण निघून जाणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. जाणारा आपली ओळखीची माणसे कदाचित बरोबर नेईल. त्याचे पूर्वीचे लेखन मागेच राहते आणि त्याच्यावर बसलेला ठपकाही मागे, न तपासलेला, राहतो.

तंजावूरचे तीन निवाडे या बाबतीत काय सांगतात? ज्याने निर्णय दिला त्यानेच तो तपासला तर दाद ही केवळ औपचारिकता होते. तपासणारा दुसरा असला, पण त्याचा स्वार्थ गुंतलेला असला, तर दाद मिळते आणि तिची किंमतही वसूल होते. आणि निर्णय देणाऱ्याला कोणी विचारूच शकत नाही असे एकदा ठरले, म्हणजे चूक कबूल होऊनही ती तशीच राहते. म्हणून समूह लहान असो की मोठा, त्याने तीन गोष्टी पाळाव्यात. निर्णयाचे कारण लिहून द्यावे. गाऱ्हाणे ऐकण्यास अलिप्त असा दुसरा माणूस असावा; शेजारचे दोन समूह एकमेकांसाठी हे काम सहज करू शकतील, जसे काशीच्या पंडितांनी तंजावूरसाठी केले. आणि निकाल लवकर लागावा. कारण अकरा वर्षांनी आलेल्या न्यायात एका मुलाचे सारे बालपण खर्ची पडलेले असते.

प्रत्येक विहिरीत गंगा उसळून येत नाही. तेव्हा ज्याला आपण बाहेर घालविले त्याला उभे राहून बोलता येईल, एवढी जागा आपण माणसांनीच राखून ठेवली पाहिजे.